आंबेहळदीचा लेप आणि माझा पाय

हा किस्सा मी आपणहून कोणाला सांगणार नव्हतो. पण आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगमध्ये तो चार तोंडांनी चार तऱ्हेने फिरतोय, आणि एका तऱ्हेत तर माझा पाय लाकडाचा झालाय. तेव्हा माझ्याच तोंडून ऐकलेला बरा. चहा घ्या आधी.

तर माझी बायको सुलभा लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलेली. घरात मी एकटा. मला शुगर आहे. हे सुलभाला माहीत, डॉक्टरीणबाईंना माहीत, मला मात्र विसरायला आवडतं. लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा एक डबा सुलभाने माळ्यावर पार मागे सरकवून ठेवला होता. माझ्यापासून लपवून. आता लपवलेला डबा माणसाने शोधू नये का? मी स्टुलावर चढलो. डबा हातात आला आणि स्टूल पायाखालून गेलं.

घोटा हा एवढा सुजला. पाय टेकत होता, पण लंगडत. सुलभाला फोनवर काय सांगणार, लाडू काढताना पडलो? सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळंबची मासळीवाली मावशी दारात आली. माझी चाल बघून तिने टोपली खाली ठेवली.

"भाऊ, पायाला काय केलास?"

"मुरगळला."

तिने कमरेच्या पिशवीतून एक कंद काढला. दिसायला आल्यासारखा, नखाने खरवडला तर कैरीचा वास. आंबेहळद. मावशीचे गुडघे दुखतात, म्हणून ती जवळच बाळगते.

"गरम पान्यात उगाळ. घरातली हळद घाल चिमूटभर. लेप लाव नी पाय वर करून बस. संध्याकाळी धुऊन टाक. काय अडलं तर बायकोला विचार."

बायकोला विचारायचं म्हणजे पडल्याचं सांगायचं. मी मान डोलावली आणि दोन बांगडे घेतले.

सहाण घरात कुठे असते ते मला ठाऊक नाही. म्हणून आंबेहळद किसणीवर किसली. चिमूटभर हळद एवढ्या मोठ्या पायाला कशी पुरणार, म्हणून चार चमचे घातली. घोट्यापासून पार गुडघ्यापर्यंत लेप थापला, वरून जुना पंचा गुंडाळला आणि दुपारभर टीव्ही बघत बसलो. खरं सांगतो, ठणका कमी झाला. मी स्वतःवर जाम खूश होतो.

पाच वाजता बाथरूममध्ये पंचा सोडला. लेप पाण्याने निघाला, पण पिवळेपणा काही जाईना. समोर कपड्यांचा साबण होता. घेतला आणि घासला.

आणि पाय लाल झाला. लालसर वगैरे नाही हो. विटकरी, रक्त साकळल्यासारखा लाल.

मी पाटावर बसलो तो उठलोच नाही. डॉक्टरीणबाई मला दर खेपेला बजावतात, "शुगरवाल्यांनी पाय जपायचा. रंग बदलला की वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं." मी सातिवलीला ज्या कंपनीत आहे, तिथल्या एकाच्या पायाचा अंगठा असाच गेला. आधी रंग बदलला, मग अंगठा. मला दरदरून घाम फुटला.

घाबरलेला माणूस काय करतो? जे केलं तेच पुन्हा करतो. मी आणखी साबण लावला. पाय आणखी लाल. नडगीवर साबण फिरवला, तर लाली नडगीवर. म्हणजे चढत होतं.

शेजारच्या सावंतांना हाक मारली. ते रिटायर्ड माणूस, लगेच आले. वाकून पाय बघितला आणि दोन पावलं मागे सरकले.

"नाईक, हे पसरतंय का?"

"चढतंय."

"थांबा." त्यांनी खिशातलं पेन काढून लालीच्या वरच्या कडेला रेघ मारली. "रेघ ओलांडली तर खरं."

नीट दिसावं म्हणून मी पाय पुन्हा साबणाने खसाखसा धुतला. लाली रेघेच्या वर दोन बोटं.

"गेलं," सावंत म्हणाले.

"काय गेलं?"

"मी रिक्षा बोलावतो."

रिक्षात मी रडलो. लाजायचं काय त्यात? लेकीला आज-उद्या बाळ होणार, आणि एका पायावर उभा राहून मी नातवंडाला कसा घेणार, हेच डोळ्यांसमोर येत होतं. सुलभाचा फोन वाजत होता. तो घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

दवाखान्यात सात-आठ बायका नंबर लावून बसल्या होत्या. माझा पाय बघून सगळ्यांनी मला पुढे जाऊ दिलं. त्याने तर मी आणखीच खचलो.

डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितला, पायाची नाडी बघितली, मग वाकून वास घेतला.

"काका, हळद लावली होती?"

"आंबेहळद. आणि साधी चार चमचे. पडलो होतो, बायकोला सांगू नका."

"आणि धुतलं कशाने?"

"कपड्यांच्या साबणाने."

त्यांनी सिस्टरना हाक मारली. "तुमच्या डब्यातली लिंबाची फोड आणा बरं." ती फोड त्यांनी माझ्या नडगीवर फिरवली. लाल पाय आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. सावंतांनी चक्क हात जोडले.

"कसलं औषध हे, डॉक्टर?" मी विचारलं.

"लिंबू. अहो काका, हळदीला साबण लागला की ती लाल होते. आमटी सांडलेला शर्ट धुताना होतो ना, तसा. लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"एकतीस."

"एकतीस वर्षांत एकही शर्ट धुतला नाहीत?"

पडद्याबाहेर सात-आठ बायका एकदम हसल्या. मी सावंतांकडे बघितलं. ते भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचत होते.

"पाय उत्तम आहे. सूजही उतरलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एक फोन काकूंना केला असता तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. लावा फोन, मीच बोलते. आणि तुम्ही कसे पडलात, तेही त्यांना कळू दे."

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजायलाच लागला. सुलभा. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला.

मी पाय उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "डॉक्टर, त्यापेक्षा हा कापा."