माळ्यावर सुटलेली जीभ
हुरड्याचा वास आला की मला वावरातला तो राखणीचा माळा आठवतो. लढाईची वर्षं होती आणि मी घरात नवी सून होते. मान कधी वर करत नसे, म्हणून सारं आसेगाव मला गरीब गाय म्हणे, आणि मलाही ते खरंच वाटे. त्या सकाळी ज्वारी राखायला माळ्यावर चढले. गोफण फिरवत पाखरांवर ओरडता ओरडता तोंडातून निघालं, "ऊठ म्हातारे! सारं दूध लेकाले, अन् मले कोरडी भाकर! मर एकदाची!" आवाज माझाच होता, तरी मीच दचकले. तेवढ्यात पुरुषभर उंच ज्वारी हलली आणि डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन सासू बाहेर आली. मी गोफण खाली घेतली. ती वर बघून म्हणाली, "काहून थांबली वं? माह्या सासूले मीबी याच वावरात पाखरावानी हाकललं. पन पोरी, घरीबी बोलत जाय. पोटात ठेवलं का नासते." त्या संध्याकाळी मी तिच्याकडे दूध मागितलं, आणि तिनं वाटी भरून दिलं. आता माझी सून राखणीला जाते. भाकर घेऊन मी धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी थांबते, सासूचे उपकार आठवते, सुनेचं सारं ओरडून होऊ देते, आणि मगच हाक मारते.