नानांच्या मोटारीचं चाक

जळगाव, १९९४, फेब्रुवारीतला रविवार. हजर: मी, शेजारचे नाना आणि त्यांच्या नातवाची हातभर लांब रिमोटची मोटार. नातू आईबापांबरोबर पुण्याला गेला, मोटार मात्र इथेच राहिली.

नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी कुंपणापाशी येऊन म्हणतात, "भाऊ, चाक वळस नही." मग मी मोटार दुरुस्त करून रिमोट धरतो आणि ते अंगणात उकिडवे बसून "येऊ दे, येऊ दे, डावं काप" असं बस मागे घेताना ओरडावं तसं ओरडतात.

आज मी क्रमाने तपासलं. बॅटरी पूर्ण भरलेली होती. चाकं वळवणारा सर्वोही ठीक होता, फक्त त्याच्या वायरची पिन अर्धी उपसलेली होती. गेल्या रविवारी ती मीच घट्ट बसवली होती.

"धक्क्याने निघाली असेल," मी म्हणालो.

"हाव, धक्का बसना व्हई," नाना दुसरीकडे बघत म्हणाले आणि दोन कपांत चहा ओतू लागले.

चाकांवर आठवडाभराची धूळ तशीच होती. मोटार जागची हललीच नव्हती.

पिनेला सोल्डरचा डाग देऊन ती कायमची पक्की करायला पाच मिनिटं पुरतील. ते काम मी बाकी ठेवलं आहे.