ऑइल गाडी पिते की डायवर

आमची पिकअप चामोर्शीत शिरली की दिसायच्या आधी तिचा वास यायचा. चुलीवर तेलाची कढई विसरून बाई शेजारी गप्पा मारायला गेली की घरात जो वास पसरतो ना, तोच. मागं निळा धूर. शेजारीण अंगणातून ओरडायची, "बाई, तुमची गाडी येऊन राह्यली, वाळतचे कपडे काढा!" हसण्यासारखं होतं तोवर आम्हीही हसलो.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमचं भांड्यांचं दुकान होतं. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची गंजं, पातेली, झाकणं, थोडं पितळ. आमचे हे दुकानात बसायचे आणि गाडी भांडी घेऊन बाजार करायची. कधी मुलचेरा, कधी एटापल्ली, अशी आठवड्याची फेरी ठरलेली. भांड्यांच्या पोत्यांवर आणखी दोन-चार बाजारकरी बसायचे, कपडेवाला, सुकटवाली. विकायला मीच जायची. ह्यांना गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नव्हतं आणि गाडी तर दोघांनाही चालवता येत नव्हती.

गाडी चालवायचे ते भाऊ आमच्यापेक्षा वयानं मोठे. अंगानं काटक, बोलायला कमी. जंगलातून लाकूड ओढायच्या बंडीवर त्यांची उमर गेलेली. पुढं एका राईसमिलच्या ट्रॅक्टरवर स्टेअरिंग शिकले आणि तिथून आमच्याकडे आले. बैल हाकणारा माणूस इंजिन हाकतो तेव्हा कसं हाकतो, ते त्यांच्याकडं पाहून कळायचं. चढ आला की "चल, चल" म्हणायचे. खरंच, गाडीला!

त्यांच्याबद्दल एकच सांगते. एकदा बाजारातून परत येताना अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी वळवली. का, तर एका गंजाचं झाकण झाडाखाली राहिलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, जाऊ द्या, एक झाकण तं आहे." ते म्हणाले, "गंज कोणी बिनझाकणाचं घेईल का, बाई?" आणि वळवलीच.

अशा माणसाला गाव चोर म्हणू लागलं.

कारण ऑइल. ह्यांनी ऑइलचा मोठा डबा आणला की दोन-तीन बाजारांत तळ दिसायचा. चौकातल्या चहावाल्याकडं चार गाडीवाले बसायचे, त्यांना हा विषय मिळाला. "तुमची गाडी म्हशीहून जास्त पिते," इथून सुरुवात झाली. मग एक दिवस कोणी तरी ह्यांना ऐकवलं, "भाऊ, ऑइल गाडी नाई पीत. डायवर पिते. डबे एटापल्लीले उतरत असन." सगळे हसले. हे घरी आले ते तोंड पाडूनच.

चंद्रपूरच्या एका मिस्त्रीला गाडी दाखवून झाली होती. त्यानं बोनेट उघडून धूर पाहिला आणि सांगून टाकलं की आतल्या रिंगा गेल्या, इंजिनच ऑइल जाळतं, ते खोलावं लागेल. म्हणजे एक तर इंजिन खराब, नाही तर माणूस खराब. ह्यांना माणूस खराब असणं सोपं वाटलं. जेवताना म्हणाले, "पुढच्या एटापल्लीच्या बाजारापासून दुसरा डायवर पाहतो मी."

"भाऊले विचारलं का तुमी?"

"चोराले काय विचारा लागते?"

मी गप्प राहिले. खरं सांगते, गप्प राहिले कारण माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. झाकणासाठी गाडी वळवणारा माणूस, पण डबा तर रिकामा होत होता. त्या दिवसांत भाऊ गाडीमागं गेले की मी मान वळवून पाहायची. आता आठवलं की लाज वाटते. पण लाजेनं काही कळत नाही. पाहिल्यानं कळतं. म्हणून मी ठरवलं की आता चोरून नाही पाहायचं, नीट पाहायचं. दुसरा डायवर यायच्या आत मला खरं काय ते कळलं पाहिजे.

गाडी विकत घेताना विकणाऱ्यानं ह्यांना इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी दाखवली होती. लांब, पातळ, खाली दोन खुणा. ऑइल ह्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होते, मला कोणी सांगत नव्हतं, पण कान तर माझेच होते.

त्या संध्याकाळी मुलचेऱ्याहून परत आल्यावर भाऊंनी अंगणात गाडी लावली, लगेच बोनेट उघडलं, पट्टी ओढली. मी बाजूला जाऊन उभी राहिले.

"खाली गेलं, बाई," म्हणाले. पट्टी दाखवली. खरंच खालच्या खुणेवर. त्यांनी डबा वाकवला, पट्टी पाहिली, पुन्हा वाकवला. मग बोनेट लावून चावी माझ्या हातात दिली आणि पायी घरी गेले.

सकाळी अंगण झाडताना मला राहवलं नाही. झाडू ठेवला, बोनेट उघडलं, पट्टी काढली, पदराच्या टोकानं पुसली, आत घातली, पुन्हा काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर!

मी पट्टी हातात घेऊन उभी. चोराच्या गाडीत ऑइल कमी पाहिजे की जास्त?

पुढची गोष्ट मला स्वयंपाकघरानं शिकवली. तेलाचा डबा रिकामा झाला म्हणून आपण बाजूला ठेवतो. सकाळी तिरपा केला की तळाला फोडणीपुरतं तेल निघतंच. कुठून येतं? डब्याच्या अंगाला चिकटलेलं हळूहळू खाली उतरतं. मग इंजिनाच्या अंगाला किती चिकटत असेल! गरम गाडी थांबते तेव्हा ऑइल वरच असतं, सगळीकडं उडालेलं. पट्टी तेव्हाच पाहिली तर ती कमीच दाखवणार.

मी गावातल्या मिस्त्रीकडं गेले. चंद्रपूरच्या नाही, आमच्या बाजारओळीतल्या. तो ट्रकच्या खाली झोपला होता, फक्त पाय बाहेर. मी त्या पायांनाच सगळं सांगितलं. तो सरकत बाहेर आला.

"हे तुमाले कोणं सांगतलं, बाई?"

"तेलाच्या डब्यानं."

तो हसला, पण उठला. गाडी पाहिली, जास्तीचं ऑइल खालून काढून टाकलं, वरच्या खुणेशी आणलं. म्हणाला, "जास्त भरलं की आतला दांडा त्याले घुसळते. ते वर उडते, जळते, धूर होऊन जाते. मंग डायवर पुन्हा भरते." आणि हात पुसत बोलला, "पण बाई, हे तुमचं बरोबर असन तं. रिंगा खरंच गेल्या असन अन् तुमी भरलं नाई, तं इंजिन जंगलातच जाम होईल. मले मंग शिव्या नका देऊ."

घरी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मिस्त्री झाली का तू?"

"झाली समजा. एटापल्लीच्या बाजारात मी ऑइल न टाकता गाडी नेते अन् आणते. पट्टी सांगन काय ते. तोवर दुसऱ्या डायवरले शब्द देऊ नका."

"अन् जाम झाली तं?"

"तं ढकलत आणीन."

 हे म्हणाले, "जाय."

बाजाराच्या दिवशी पहाटेच निघालो. ऑइलचा डबा मी माझ्या पायांमध्ये ठेवला आणि वर साडीचा घोळ सोडला. मागं पोत्यांवर कपडेवाला आणि सुकटवाली. भाऊंना मी एवढंच सांगितलं होतं की आज ऑइल मी सांगेन तेव्हाच टाकायचं. त्यांनी स्टेअरिंग जरा जास्तच घट्ट धरलं.

आष्टीला पहिला थांबा. आमची बॅटरी म्हातारी, म्हणून भाऊ गाडी कायम उतारावर लावायचे, नाक खाली करून, म्हणजे ढकलायचं काम नको. लावली, उतरले, बोनेट उघडलं. गरम इंजिन आणि तेही तिरपं! पट्टी घेऊन खिडकीशी आले.

"बाई, डबा द्या."

"नाई, भाऊ."

"खालच्या खुणेवर आहे."

"असू द्या."

ते पट्टी तशीच धरून उभे राहिले. तान्ह्या मुलाला दूध मिळत नाही असं तोंड. मग बोनेट लावलं.

आलापल्लीच्या अलीकडे जंगल दाट झालं तसं मला मिस्त्रीचं 'जंगलातच जाम होईल' आठवलं. बोलणं सोपं होतं. गाडीचा प्रत्येक आवाज आता मला वेगळा ऐकू येत होता. भाऊंचा कान तर इंजिनाकडंच. मधेच म्हणाले, "रडून राह्यली, बाई."

"काय?"

"गाडी. कोरडी पडली की रडते." आणि मग आपणहून बोलायला लागले, इतकं ते कधीच बोलले नव्हते. "बंडीच्या खाली मी वंगणाचा नळा बांधून ठेवो. जिथी थांबो तिथी आधी वंगण, मंग बैलाले पाणी, मंग माह्या तोंडात बिडी. वीस वर्ष बंडी हाकली, पण चाक रडलं असं कोणी म्हणलं नाई. अन् आज तुमी..."

तेव्हा मला सगळं दिसलं. आष्टीला वंगण, आलापल्लीला वंगण, एटापल्लीला वंगण, घरी आल्यावर वंगण. हा माणूस आमच्या इंजिनाला बंडीचं चाक समजून जपत होता. आणि आम्ही?

पण डबा मी दिला नाही. आलापल्लीला त्यांनी पुन्हा मागितला. मी पायांनी डबा आणखी आत ओढला. "भाऊ, आज बंद पडली तं दोष माझा. तुमी फक्त चालवा."

पुढं घाट लागला तसा मागून पोत्यांवरून सुकटवालीचा आवाज आला, "अवो बाई! आज तुमची गाडी आजारी आहे का? धूर नाई लागून राह्यला डोळ्याले!"

कपडेवाला म्हणाला, "आज फक्त हिच्या सुकटीचाच वास आहे."

भाऊंनी आरशात पाहिलं. मीही मान बाहेर काढली. मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता, झाडं, वळण, सगळं.  पुढच्या चढावर भाऊ "चल, चल" म्हणाले, तेव्हा आवाज मऊ होता.

एटापल्लीला मी गाडी मोहाच्या झाडाखाली सपाट जागेवर लावायला सांगितली. भांडी विकली, भाकर खाल्ली. उन्हं कलली आणि परतायची वेळ झाली, तेव्हा म्हटलं, "आता पाहा पट्टी."

त्यांनी काढली. पुसली. घातली, काढली. वरच्या खुणेच्या केसभर खाली. पुन्हा पुसली, पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदाही.

"कोणी टाकलं?" मला विचारलं.

"कोणीच नाई. डबा माझ्या पायाशी होता."

मी त्यांना तेलाच्या डब्याचं सांगितलं, उताराचं सांगितलं. ते पट्टी पुसलेल्या चिंधीची घडी करत ऐकत राहिले. घडी झाली, उलगडली, पुन्हा केली. मग खाली पाहतच विचारलं, "चौकात मले काय म्हणत होते, तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"तुमालेही वाटलं?"

खोटं बोलता आलं असतं. ते दिवसभर माझ्या भरवशावर कोरडी गाडी चालवून आले होते, त्यांच्यापुढं मला ते जमलं नाही.

"आठ-दहा दिवस वाटलं, भाऊ."

त्यांनी मान हलवली. चिंधी सीटखाली टाकून गाडी चालू केली. चामोर्शी जवळ आल्यावर म्हणाले, "चावी उद्या कायमची देतो. चोर म्हणून नाई. अनाडी म्हणून."

"द्यायची तं चौकात द्या," मी म्हटलं. "ह्यांच्या हातात. पण आधी पट्टी दाखवून."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चहावाल्यासमोर सपाट रस्त्यावर उभी केली. हे होते, ते चार गाडीवालेही होते. मी ह्यांना म्हटलं, "काढा पट्टी." ह्यांनी काढली. ऑइल किती आहे ते मोठ्यानं सांगायला लावलं. मग एटापल्लीला जाऊन येताना थेंब टाकला नाही, हे सुकटवालीनं सांगितलं. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं, तिचा आवाज मोठा म्हणून. तिनं धुराचंही सांगितलं, सुकटीचंही, न विचारता.

भाऊंनी चावी पुढं केली. ह्यांनी ती घेतली नाही. "भाऊ, चुकलं माझं," म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, ते मी आजही ह्यांच्या नावावर जमा धरते. "अन् चावी मले काऊन देता? मले कुठी चालवता येते? परवा मुलचेऱ्याचा बाजार आहे."

चहावाल्यानं घाईघाईनं कप भरला आणि भाऊंपुढं धरला. भाऊंनी हात लावला नाही. "आज नाई," म्हणाले. "डायवर कमी पिते आजकाल."

चौक हसला. चहावाला सोडून.

त्यानंतर ऑइल सकाळीच पाहायचं ठरलं, गाडी थंड असताना, आमच्या अंगणात. पण भाऊ एकटे कधी पट्टी काढायचे नाहीत. बोनेट उघडून उभे राहायचे आणि हाक मारायचे, "बाई, या, पाहा." मी किती वेळा सांगितलं, तुम्हीच पाहा, माझा भरवसा आहे. ते म्हणायचे, "असू द्या भरवसा. पण आठ-दहा दिवस पाह्यलं ना तुमी? आता रोज पाहा."

गाडी विकेपर्यंत, बाजाराच्या प्रत्येक सकाळी, कणकेचे हात तसेच घेऊन मी अंगणात जायची आणि पाहायची.