पहिला नंबर छत्रीचा

मंगळवारी सकाळी दादा गेला. वहिनी चहा घेऊन खोलीत गेली, आणि बाहेर आली तेव्हा कप तसाच तिच्या हातात होता. “वन्सं, या जरा,” एवढंच म्हणाली. भेटायला आलेली माणसं मला धीर देत होती आणि मला तर हलकं वाटत होतं… आता काही आठवड्यांनी, त्याचं कारण नीट सांगता येईल असं वाटतं.

दादा, माझा मोठा भाऊ, रत्नागिरीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. लोक त्याला कंट्रोलरच म्हणत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आमचं घर पावस गावाच्या रस्त्याला, त्यामुळे संध्याकाळी गाडीची वाट पाहत, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून, मी त्याचं काम बघत बसायची. तेव्हा पावसची गाडी आत वळली की माणसं तिच्यामागे धावत. खिडकीतून रुमाल, टोप्या, कधी वहाणसुद्धा आत पडायची, की जागा धरली. दाराशी अशी कोंडी व्हायची की उतरणाऱ्यांना उतरता येत नसे. ती गाडी हलेपर्यंत मागे देवरूखची, तिच्यामागे नाटे गावची, आणि सगळ्यांचे हॉर्न. दादा शांतपणे आत चढे, बाकांवरचे रुमाल गोळा करी आणि दारात उभा राहून म्हणे, “रुमाल बसून आले. आता तुम्ही सावकाश या.” लोक हसत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रुमाल टाकत.

मग एकदा त्या रेटारेटीत एक म्हातारी पायरीवरून खाली पडली. चाक थोडक्यात चुकलं. त्या दिवशी दादा घरी येऊन जेवला नाही. “गाड्या कमी नाहीत, बायो,” तो मला म्हणाला. “एक हलत नाही म्हणून सगळ्या अडतात.” दुसऱ्या दिवसापासून त्याने पिशव्यांची रांग सुरू केली. माणसांनी सावलीत बसायचं, उन्हात पिशवी उभी करायची. भाजीची पिशवी, मासळीची रिकामी पाटी, दप्तर, नारळाचं पोतं, जे असेल ते. गाडी लागली की आपापल्या पिशवीमागे उभं राहून चढायचं. पहिल्या नंबरावरून मात्र रोज वाद होत. तेव्हा दादाने स्वतःची काळी छत्री सगळ्यांच्या पुढे आडवी ठेवली. “पहिला नंबर हिचा. हिला कुठेच जायचं नाही.” सगळेच छत्रीच्या मागे गेल्यावर भांडायला काही उरलं नाही. गणपतीत मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याची चाकांची बॅग रांगेत हळूहळू पुढे सरकू लागली, तेव्हा दादा तिच्याशीच बोलला, “बाई, तुम्हाला चाकं आहेत, कळलं. पण घाई तुमच्या मालकांना आहे.” आणि ती ओढून पुन्हा मागे लावली.

तो निवृत्त झाला. छत्री घरी आली, तरी रांग चालू राहिली. मग स्थानकाचं काम निघालं, थांबा रस्त्यापलीकडे गेला आणि त्याच सुमारास दादाने अंथरूण धरलं. रोज संध्याकाळी मी घरात शिरले की विचारी, “रांग आहे ना गं?” वहिनी मागून खुणा करी, हो म्हणा. पण मला त्याच्याशी खोटं बोलता येईना. मी सांगितलं की लोक धावतात, पुन्हा रुमाल टाकतात. तो भिंतीकडे वळला. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचंही चुकलं नव्हतं. ती पायरीवरून पडलेली म्हातारी दादाच्या झोपेत येत होती, हे वहिनीलाच ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “छत्री ने. नुसती ठेव, बोलू नकोस कुणाशी.” चारचौघांत काही करायचं म्हटलं की मी मागे सरते. तरी नव्या थांब्याच्या कडेला मी ती आडवी ठेवली आणि बाजूला उभी राहिले. लोक ओलांडून जात होते… मग पावसची एक मासळीवाली थांबली. “कोनाची गो ही?”

“दादाची. कंट्रोलरांची.”

“बरा हाय काय तो?”

मी मान हलवली, नाही म्हणून. तिने डोक्यावरची पाटी उतरवली आणि छत्रीमागे ठेवली. मागून आलेल्या बाईला म्हणाली, “पिशवी लाव. गाडी काय तुला सोडून जात नाय.”

छत्री तिथेच ठेवून मी घरी आले, आणि त्या संध्याकाळी दादाने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, “वन्सं खोटं बोलत नाहीत, माहीत आहे ना?” तो हसला आणि शांत झोपला. पुढचे थोडे दिवस तसेच गेले, न विचारता.

दादाचे तेरा दिवस झाल्यावर मी छत्री आणायला गेले. मासळीवालीने ती नीट गुंडाळून पाटीत जपून ठेवली होती. रांगेच्या तोंडाशी कुणीतरी चुना लावलेला जांभ्या दगडाचा अर्धा चिरा आणून टाकला होता. “पावसात कुजली असती,” ती म्हणाली. “दगडाला काय होतंय?”

छत्री आता दादाच्या खोलीत दारामागच्या खुंटीला आहे. थांब्यावर चिरा आहे, आणि त्याच्यामागे पिशव्या.