फळीवालीचा खात्रीचा प्रश्न

वॉर्डात तिला सगळे फळीवाली म्हणायचे. आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फळीवर ओळींनी अक्षरं चिकटवलेली. ती फळी मधे धरून बाई पेशंटच्या डोळ्यांत बघत बसायची. ज्यांचे हातपाय गेले, वाचा गेली, फक्त डोळे उरले, त्यांना बोलतं करायचं हे तिचं काम. "क-ची ओळ? च-ची? ट-ची?" हवी ती ओळ आली की पेशंटने डोळे वर करायचे. मग अक्षर, मग काना-मात्रा. एक वाक्य होईस्तोवर चहाचं पाणी होतं.

बाई अंगाने दांडगी, तोंडाने फटकळ. मीही काही कमी नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी जुंपली. तिचा पेशंट म्हणजे माझा दादा. त्याने पहिलं अक्षर 'प' दिलं आणि मी ओरडले, "पाणी! कळलं की! कशाला छळता त्याला?"

ती वळलीसुद्धा नाही. "तुम्हाला तहान लागली असेल तर नळ बाहेर आहे."

दादाचा पाय वाकडा पडून दुखत होता.

दादाला मी आणि मला दादा, एवढंच आमचं घर. मेंदूतली शीर फुटली आणि माझा बडबड्या भाऊ श्वासाच्या मशीनला जोडून आडवा झाला. फळीवाली आली नसती तर मी त्याला संपलेलाच धरला असता.

तिला मात्र एका गोष्टीची सतत धास्ती. "आमच्यात एक बाई होती," तिने सांगितलं. "तिचा पेशंट म्हणे कविता करायचा. घरच्यांनी फ्रेम करून लावल्या. एकदा मी मागे जाऊन उभी राहिले, तर पेशंट ढाराढूर झोपलेला आणि कविता चालूच!"

मी खो खो हसले. ती नाही हसली. "ती खोटारडी नव्हती हो. तिला खरंच दिसायचं तसं. मला भाजी चिरताना मधेच वाटतं, आज तो बोलला, का मीच बोलले?"

आणि मग एका सकाळी दादाने वाक्य पूर्ण केलं. मशीन बंद करा.

"हे तुम्हीच म्हटलंत!" मी तिच्या अंगावर धावून गेले. "त्याच्या तोंडी घातलंत!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "घातलं असेल," ती म्हणाली. "म्हणून तर खात्री करायची. मी बाहेर जाते. त्याला एक वस्तू दाखवा, मला कळू देऊ नका. मी येऊन विचारते. चुकला तर आजचं वाक्य डॉक्टरांपर्यंत जाणार नाही. उत्तर बरोबर आलं तर ते त्याचंच."

दार लागलं. मी पर्समधून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. एरवी मी देवाला हात जोडले असते की त्याला येऊ दे. आता वाटत होतं, चुकू दे रे, चुकू दे.

न राहवून मी त्याच्या कानाशी वाकले. "दादा, चुकीचं सांग. पाया पडते तुझ्या. किल्ली सोडून काहीही सांग."

तो नुसता बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भावाची भीती वाटली.

फळीवाली आत आली. "क-ची ओळ?" दादाचे डोळे हलले नाहीत. "च-ची?" डोळे वर गेले. हुश्श! किल्ली नाही! माझ्या जिवात जीव आला. ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेली, आणि तिसऱ्या अक्षरापाशी माझं तोंड कोरडं पडलं.

"चुकीचं सांग," तिने वाचलं. फळी खाली घेतली. "हे काय? तुम्ही दाखवलंत तरी काय?"

दोघंही माझ्याकडे बघत होती. 'किल्ली दाखवली' एवढंच म्हणून थांबले असते, तरी तो चुकला असंच ठरलं असतं. तिला कुठे कळणार होतं! पण दादाला कळलं असतं.

"किल्ली दाखवली," मी म्हटलं. "पण हे मी त्याला म्हटलं होतं. कानात. तुम्ही बाहेर असताना."

बाई मटकन स्टुलावर बसली. मग विचारलं, "म्हणजे सकाळचं वाक्यही त्याचंच. डॉक्टरांना मी सांगू?"

"नको, मी सांगते," मी म्हटलं, आणि दादाचा हात काही सोडवेना.