पुसलेली ओळ

धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या गावाची विकिपीडियासारखी एक विकी आम्ही चार-पाच जणांनी सुरू केली. प्रत्येक घराचं एक पान. गावकरी कुठंकुठं पांगलेले, म्हणून कुणीही मोबाइलवर उघडावं, आठवेल ते लिहावं, असं दार मोकळंच ठेवलं होतं.

मग कुणीतरी नासधूस करायला लागलं. देवळाच्या पानावर शिव्या, फोटो गायब. रोज सकाळी उठून निस्तरायचं, याला मी कंटाळले. शेवटी ठरवलं, वाचायचं सगळ्यांनी, पण बदल आम्ही परवानगी दिलेल्यांनीच करायचे. विकी शांत झाली.

आठवड्याभरानं रामनगरात माझं घर शोधत एक म्हातारी आली. कॅसलरॉकहून आले म्हणाली. पाणी प्यायली आणि पिशवीतून मोबाइल काढला.

"बाई, ह्यात आता पुसता येत न्हाई."

"काय पुसायचं होतं, मावशी?"

तिनं एका घराचं पान दाखवलं. खाली ओळ होती, 'धाकटी मुलगी लहानपणीच वारली.' ही ओळ कुणीतरी सारखं पुसायचं आणि मी परत घालायचे. शिव्या लिहिणाऱ्यांतलाच कुणी असेल, असं मी धरून चालले होते.

"ती धाकटी मीच," ती म्हणाली. "मी न्हाई मेलेली."

मी चहा टाकला. चहा पिता पिता तिनं सांगितलं. रेल्वेतल्या एका परजातीच्या माणसाशी तिनं लग्न केलं, तेव्हा घरच्यांनी ती मेली असं धरून तिच्या नावानं आंघोळ केली होती.

"मग खरं काय ते लिहायचं. नुसतं का पुसत होतात?"

"लिहिलं तर दादा खोटा पडंल. पुसलं की झालं."

ती ओळ तिच्या थोरल्या भावानंच लिहिली होती. परवानगी असलेल्यांत तोही होता. तिला विचारून मी त्याला फोन लावला. तुमची बहीण माझ्याकडे बसलीय, म्हणाले.  त्यानं विचारलं, "जेवली का ती?"

"आता जेवायलाच बसणार आहोत."

"ओळ काढा ती. आणि तिला लिहू द्या. आईचं समदं तिलाच ठावं हाय."

जेवण झाल्यावर मी तिला परवानगी दिली. एका बोटानं ती बसच्या वेळेपर्यंत लिहीत होती. आईबद्दल लिहील असं वाटलं होतं. तिनं लिहिलं, ओढ्याला पाणी चढलं की दादा मला खांद्यावर घेऊन पलीकडं न्यायचा.

नियम आम्ही मोडला नाही. फक्त प्रत्येक पानाखाली एक ओळ घातली, की काही चुकलं असेल तर आधी आम्हाला सांगा, आम्ही ऐकू.

पुढच्या महिन्यात तिचा फोन आला. दादा घरी येऊन गेला म्हणाली.

"काय बोललात मग?"

"काय न्हाई. परसातली रताळी घेऊन आलता. उकडून खाल्ली दोघांनी."