एमआरआयची तालीम, अकोले तालुक्यातल्या गुहेत

एमआरआयच्या मशीनमधून ताई दोनदा पळून आली. बोगद्यात डोकं शिरलं की तिचा श्वास कोंडतो. डावा पाय बधिर होत चाललाय आणि त्या फोटोंशिवाय डॉक्टर पाठीच्या ऑपरेशनचं काहीच ठरवायला तयार नाहीत. म्हणून मी ठरवलं, आधी हिला गुहेत न्यायचं. माझ्या बहुतेक योजनांसारखी हीही घरात कुणाला पटली नाही.

शनिवारी उजाडताच नगर सोडलं. राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले. कारखाने सुरू असताना निघालात तर उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगायची तयारी ठेवा. ताईच्या पाठीला दोन उशा लावल्या होत्या आणि वाटेत चहाचे भरपूर थांबे घेतले. गाडी नसेल तर राजूरपर्यंत एसटी, पुढे जीप. परतीची जीप मात्र आधीच सांगून ठेवा.

राजूरच्या पुढे एक वाडी आहे, तिच्या वरच्या अंगाला ही झऱ्याची गुहा. गाडीतळापासून चढ थोडाच, ताई काठी टेकत आरामात आली. गुहेतलं पाणी बाहेर दगडी टाक्यात पडतं आणि त्यात नाशिकची पोरं डुंबत होती. कपडे बदलायला पत्र्याची खोली आहे, दार मात्र आतून धरून उभं राहावं लागतं. मी टाक्यात पाय घातले आणि माझी सगळी शेखी गारठली.

गुहेत वाकून शिरायचं. वळण घेतलं की उजेड संपतो, आणि झऱ्याचा उगम त्याच्याही पुढे. ताई तोंडाशीच थबकली.

"मंजू, घरी चल."

दीर्घ श्वास घे, डोळे मीट, असं यूट्यूबवरचं सगळं ज्ञान मी तिला पाजलं.

"मग तूच जा ना आत!"

तेवढ्यात हौसाबाई सुनेला घेऊन आल्या. आमचं जेवण त्यांच्याकडेच सांगितलं होतं. कळशी घेऊन त्या आत शिरल्या आणि ओरडल्या, "हाय का गं?"

"हाय!" बाहेरून सून म्हणाली. थोड्या थोड्या वेळानं हेच चाललं होतं.

त्या बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत जनावर वगैरे असतं का?"

"जनावर कशाचं? आमची रीत हाय ती. एकीनं आत जायचं, एकीनं भाईर बसून 'हाय' म्हनायचं. जावा ताई, तुमची बहीन बसंल की हितं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, काठी माझ्या हातात दिली आणि भिंत धरून आत गेली.

"हाय का गं?"

"हाय!"

आवाज लांब गेला, मग थांबलाच. मला खरंच भीती वाटली. मी उठले, तर सुनेनं हात धरून बसवलं.

"मंजे, पाणी लई गोड आहे गं!" आतून ताई ओरडली आणि मला रडूच आलं.

नंतर हौसाबाईंच्या ओसरीवर नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी आणि वाफाळता भात. ताईनं माझ्या ताटातलाही भात संपवला. तिथे गेलात तर जेवण सकाळीच सांगा, आयत्या वेळी मिळत नाही.

मंगळवारी पुन्हा एमआरआय. मी बांगड्या, पिना, चष्मा उतरवून ठेवला आणि ताईच्या पायाशी बसायची परवानगी मिळवली. मशीनचा खडखडाट सुरू झाला. मध्येच तो थांबला, तेव्हा बोगद्यातून बारीक आवाज आला, "हाय का गं?"

"बोलू नका, हलू नका," स्पीकरवरून तंबी आली आणि खडखडाट पुन्हा सुरू झाला.

मी तिच्या उजव्या पायाचा, ज्याला अजून कळतं त्या पायाचा, अंगठा दाबला. ताई शेवटपर्यंत आत राहिली.